समुद्र नसलेल्या गावात बंदर अभियांत्रिकीचा वर्ग: एक अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरात स्थापत्य अभियांत्रिकीचे खासगी वर्ग गल्लोगल्ली आहेत. परंतु बंदरे, गोद्या आणि किनारा संरक्षण या एकाच विषयाला वाहिलेला, शनिवारी आणि रविवारी भरणारा वर्ग मी तरी या शहरात दुसरा पाहिलेला नाही. वर्गात येणारी बहुतेक मुले जालना, बीड, परभणी इकडची, पदविका किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाची आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली आहेत. मला परीक्षा द्यायची नव्हती. जलसंपदा विभागात मातीच्या धरणांच्या देखभालीवर माझी नोकरी झाली आणि धरणाच्या पाळीवरचे दगड लाटांनी का सरकतात, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर किनारा अभियांत्रिकीत मिळते, असे बरोबरच्या अभियंत्यांकडून ऐकत आलो होतो, म्हणून नाव नोंदवले. शुल्क सहा हजार रुपये असून त्यात छापील टिपणे आणि मुंबईची एक अभ्यासभेट येते. वर्ग घ्यावा का, याचे माझे उत्तर होय असे आहे. पाण्याची पातळी, लाट आणि दगड हे तीन विषय येथे ज्या रीतीने शिकवले जातात, तेवढ्यासाठी शुल्क वसूल होते. वाळू आणि गाळ या विषयाला मात्र वर्गाने न्याय दिलेला नाही, आणि ती उणीव लहान नाही.

शिकवणाऱ्या सरांनी आयुष्य बंदरांच्या कामावर काढले आहे आणि त्याचा परिणाम पहिल्याच तासाला दिसतो. सामान्यतः हा विषय बंदरांच्या प्रकारांपासून सुरू होतो: नैसर्गिक, अर्धनैसर्गिक, कृत्रिम, मग व्यापारी, मासेमारीची, आश्रयाची. मुले व्याख्या उतरवून घेतात आणि विषय तेथेच निर्जीव होतो. सरांनी प्रकार दहा मिनिटांत उरकले आणि फळ्यावर दोन आडव्या रेषा काढून विचारले की, तुमच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, पूर्ण संचय पातळी कशापासून मोजतात? पैठणच्या परिसरात १५२२ फूट हा आकडा शेतकऱ्यालाही पाठ असतो, त्यामुळे वर्ग लगेच जागा झाला. हे १५२२ फूट, म्हणजे ४६३.९० मीटर, सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेले आहेत. बंदरातला अभियंता मात्र शून्य तेथे धरत नाही. त्याचे शून्य म्हणजे नकाशा आधारपातळी, आणि ती ओहोटीच्या नीचतम पाण्याच्या जवळपास ठेवलेली असते, कारण जहाजाच्या कप्तानाला तळाशी कमीत कमी किती पाणी आहे एवढेच जाणून घ्यायचे असते. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या आधारपातळीच्या २.५१ मीटर वर आहे. एकाच कामाच्या एका नकाशावर रस्त्याची पातळी पहिल्या शून्यापासून आणि धक्क्यापुढील खोली दुसऱ्या शून्यापासून लिहिलेली असेल आणि कोणी ती तशीच वापरली, तर अडीच मीटरचा घोटाळा होतो. धरणावर काम केलेल्या माणसाला या वर्गातून दुसरे काही मिळाले नाही तरी एवढे नक्की मिळते.

त्यापुढचा भाग भरती-ओहोटीचा. मुंबईला अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणात सरासरी उच्च पाणी ४.४२ मीटरवर आणि नीच पाणी ०.७६ मीटरवर असते, म्हणजे सुमारे सहा तासांत पाणी साडेतीन मीटरहून अधिक खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत हीच चढउतार ३.३० आणि १.८६ यांच्या दरम्यान, म्हणजे दीड मीटरच्या आतच राहते. चेन्नईला एकूण फरक मीटरभराचा, तर खंबातच्या आखातात भावनगरला तो दहा मीटरच्या घरात जातो. ही विविधता एकाच देशाच्या किनाऱ्यावर आहे, म्हणूनच चेन्नईला जहाज उघड्या धक्क्याला लागू शकते आणि भावनगरला पाणी अडवणारे दरवाजे उभारावे लागतात, हे सरांनी आकड्यांवरूनच मुलांकडून काढून घेतले. किनाऱ्यावर पूर्वापार वापरला जाणारा एक ठोकताळाही त्यांनी सांगितला: पक्षातील तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या भरतीचा ढोबळ तास निघतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्ष कामाला छापील भरतीपत्रकच वापरावे लागते हे खरे, पण समुद्र न पाहिलेल्या आणि घरात पंचांग असलेल्या मुलांना दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येणारी भरती या एका गुणाकारात समजली.

लाटांच्या प्रकरणात वर्गाची खरी ताकद आहे. खोलीच्या एका कोपऱ्यात माणसाच्या उंचीपेक्षा थोडी लांब अशी काचेची अरुंद टाकी आहे. एका टोकाला हाताने हलवायची फळी आणि दुसऱ्या टोकाला उतारावर रचलेली, गावाबाहेरच्या क्रशरवरून आणलेली काळी खडी. टाकीत लाकडाचा भुसा टाकला की पाण्याचे कण पुढे धावत नाहीत, जागच्या जागी गोल फिरतात हे डोळ्यांना दिसते, आणि फळीची गती कमी केली की तळाजवळचे गोल चपटे होऊन पुढे-मागे सरकू लागतात. लाटेची लांबी (मीटरमध्ये) तिच्या आवर्तकालाच्या, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधल्या सेकंदांच्या, वर्गाला १.५६ ने गुणून मिळते आणि पाण्याची खोली लांबीच्या निम्म्याहून अधिक असेल तर लाटेला तळ जाणवत नाही, हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. सरांनी तो दोन ठिकाणी लावून दाखवला. नाथसागरावर वाऱ्याने उठणारी तीन सेकंदांची लाट १४ मीटर लांब असते आणि तिला सात मीटर खोली पुरते, म्हणून पाळीला आदळेपर्यंत तिच्यात फारसा बदल होत नाही. अरबी समुद्रातून येणारी आठ सेकंदांची लाट १०० मीटर लांब असते. तिला ५० मीटर खोलीपासूनच तळ लागू लागतो, तिचा वेग घटतो, ती वळते, भूशिरांवर एकवटते आणि उपसागरात पसरते, आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीहून थोडी अधिक झाली की फुटते. बंदराची जागा निवडणे म्हणजे मुख्यतः या वळणांचा हिशेब करणे, हे वाक्य टिपणांत नाही. सरांच्या तोंडून आले आणि मी समासात लिहून घेतले.

दगडाच्या वजनाचा भाग मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण धरणावरच्या माणसाला तो सर्वांत उपयोगी आहे. आपल्याकडे पाळीवरच्या पिचिंगचा, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडी अस्तराचा, दगड किती मोठा हवा, हे प्रत्यक्षात मुकादमाच्या नजरेवर चालते, जरी त्यासाठी आयएस ८२३७ ही मानक संहिता उपलब्ध आहे. समुद्रातील लाटरोधकासाठी, म्हणजे लाटा अडवणाऱ्या भिंतीसाठी, अमेरिकी लष्कराच्या जलमार्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हडसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेले सूत्र अजूनही प्राथमिक हिशेबाला वापरतात. त्यात दगडाचे वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि दगड पाण्यापेक्षा किती पट जड आहे, त्यातून एक वजा करून येणाऱ्या संख्येच्या घनाने घटते. मराठवाड्यातील काळ्या पाषाणाची घनता २.८ धरली, उतार एकास दोन आणि फुटणाऱ्या लाटेसाठी स्थिरता गुणांक (दगड किती घट्ट टिकून राहतात, याचा आकडा) २ घेतला, तर दोन मीटर लाटेला साधारण १.१ टनाचा दगड लागतो. लाट चार मीटर झाली की तोच दगड ८.६ टनांचा होतो. असा दगड खाणीतून अखंड काढणे, ट्रकमध्ये घालणे आणि क्रेनने जागेवर ठेवणे जिकिरीचे असते, म्हणून काँक्रीटचे ठोकळे आले. १९५० साली फ्रान्समधील ग्रनोबल येथील प्रयोगशाळेत तयार झालेला चार पायांचा टेट्रापॉड काळ्या दगडापेक्षा हलक्या काँक्रीटचा असूनही त्याच चार मीटर लाटेला साडेचार टनांत भागवतो, कारण त्याचे पाय एकमेकांत अडकतात आणि गुणांक ७ पर्यंत जातो. याच सूत्रात नाथसागराचे गोडे पाणी, मीटरभर लाट आणि एकास तीनचा उतार घातला तर सुमारे ८० किलोचा दगड निघतो. पहारीने दोन मजूर सरकवू शकतील एवढा हा दगड असतो, आणि हाताने घट्ट बसवलेल्या पिचिंगला याहून थोडी सूटही मिळते; परंतु दुरुस्तीच्या कामावर चाळीस-पन्नास किलोचा डबर नुसता ओतलेला मी पाहिलेला आहे आणि पुढच्या पावसाळ्यात तो उताराच्या पायथ्याशी का जाऊन पडतो, हे आता आकड्यात सांगता येते.

टाकीत हेच प्रत्यक्ष करून दाखवले. उतारावरची वरच्या थरातली मोठी खडी काढून तिच्या जागी बारीक खडी ठेवली, फळी थोडा वेळ हलवली, आणि उतार पाण्याच्या रेषेपाशी इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा झाला. वरचे खडे निघून खालच्या बाजूला साचले. मोठी खडी परत ठेवल्यावर तीच लाट नुसती आवाज करून परत गेली. मात्र वरच्या थराखाली मधला थर न ठेवता थेट बारीक चूर भरला, तेव्हा मोठे खडे जागेवर असूनही त्यांच्या फटींतून आतला चूर बाहेर ओढला गेला आणि वरचा थर खचला. वरच्या दगडाच्या वजनाच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याचा दगड मधल्या थरात हवा, हा नियम त्यानंतर कोणाला पाठ करावा लागला नसेल. धरणाच्या पिचिंगखालचा रेती-खडीचा फिल्टर हे याच तत्त्वाचे रूप आहे आणि खर्च वाचवायचा झाला की सर्वांत आधी कात्री त्याच फिल्टरवर चालते, हे सर्वांना ठाऊक असते.

गोद्यांचा भाग त्या मानाने पुस्तकी वाटला, तरी त्यात एक गणित फार चांगले होते. आधी मुंबईचा क्रम थोडक्यात आला: १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक, १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ चा अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरियाचे दरवाजे भरतीच्या सुमारासच उघडता येत. इंदिरा डॉकच्या तोंडाशी दुहेरी दरवाज्यांची पेटी आहे, त्यामुळे आत-बाहेर पाण्याची पातळी वेगळी असतानाही जहाज ने-आण करता येते. कालव्यावर काम केलेल्याला दरवाज्यांचे कौतुक वाटत नाही. सुक्या गोदीचे गणित मात्र वेगळे आहे. जहाज आत घेऊन पाणी उपसले की गोदी मोकळी होते, पण बाहेरच्या जमिनीतले पाणी तसेच उभे असते आणि तळाला खालून उचलू पाहते. बाहेरच्या पाण्याची पातळी तळाच्या पृष्ठापेक्षा १० मीटर उंच असेल आणि केवळ काँक्रीटच्या वजनाने तो दाब पेलायचा ठरवला, तर तळाची जाडी साडेसात मीटरच्या आसपास येते, कारण जाडी वाढवावी तसा दाबही वाढत जातो. एवढे काँक्रीट परवडत नाही, म्हणून तळाला उलट्या कमानीचा आकार देऊन भार भिंतींवर नेतात, खाली खांब रोवून तळ बांधून ठेवतात किंवा तळाखाली निचऱ्याचे थर घालून पंप चालू ठेवतात. दगडी धरणाच्या पोटातील निचरा बोगद्यामागे हेच तत्त्व आहे हे सरांनी स्वतःहून सांगितले नाही. विचारल्यावर मात्र आनंदाने मान्य केले आणि अर्धा तास त्यावरच बोलले.

जहाज धक्क्याला लागताना द्यावयाच्या ऊर्जेचे उदाहरणही झाले. २०,००० टनांचे जहाज सेकंदाला १५ सेंटीमीटर एवढ्या मंद गतीने टेकले तरी दुरुस्तीचे गुणक धरण्यापूर्वीच २२५ किलोज्यूल ऊर्जा फेंडरने, म्हणजे धक्क्याला लावलेल्या दणका झेलणाऱ्या गादीने, पचवावी लागते. दीपस्तंभ, बोये आणि गोदामे हे विषय वाचून दाखवण्यात आले. त्यात काही विशेष नव्हते.

मुंबईची अभ्यासभेट देवगिरी एक्स्प्रेसने जाऊन झाली. ससून डॉकवर पहाटेचा मासळीचा लिलाव चालू असताना गर्दीतून उभे राहून सरांना ऐकणे अवघड होते. तो वेळ वायाच गेला म्हणायचा. नंतर एका जुन्या धक्क्याच्या काँक्रीटच्या खांबांपाशी मात्र बराच वेळ थांबलो आणि तेथे या विषयाचा टिकाऊपणाशी असलेला संबंध कळला. खांबावर पाण्याने स्वतःच पट्टे आखून ठेवले होते. सर्वांत खाली शेवाळ, त्यावर कालवांच्या शिंपल्यांचा खरखरीत थर, त्यावर ओल-सुकेपणाचा काळपट पट्टा आणि वर कोरडे काँक्रीट. कालवांच्या थराच्या वरच्या कडेपाशीच काँक्रीटची कपची निघालेली होती, आतली सळई फुगून पदर सुटल्यासारखी दिसत होती आणि तिच्यापासून तांबूस ओघळ खाली आला होता. सरांनी नाण्याने ठोकून दाखवले. वर भरीव आवाज, त्या पट्ट्यात पोकळ. सतत पाण्याखाली असलेल्या भागाला प्राणवायू कमी मिळतो आणि कोरड्या भागाला क्षार व ओल कमी मिळते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मात्र क्षार, ओल आणि हवा तिन्ही आळीपाळीने मिळत राहतात. म्हणूनच आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानक संहितेत समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या सलोह काँक्रीटला किमान एम ३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण, तर भरती-ओहोटीच्या पट्ट्याला एम ४० आणि ७५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. हा तक्ता मी नोकरीभर वापरला, पण आमच्या कामांत त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाण्याची वेळ कधी आली नाही.

आता तक्रारीकडे येतो. किनाऱ्याला समांतर वाहणारी वाळू, बंदराच्या तोंडात साचणारा गाळ आणि तो उपसण्याची साधने हा सगळा भाग एका रविवारच्या उत्तरार्धात आटोपला. उपसा यंत्रांची चित्रे दाखवली, प्रकार सांगितले, आणि पुढे बहुपर्यायी प्रश्नांचा सराव सुरू झाला. वस्तुतः बंदर बांधून झाल्यावर पुढची शंभर वर्षे खर्च होतो तो गाळावर, आणि बंदरामुळे किनाऱ्याचे जे होते ते वाळूमुळेच होते. चेन्नईचे उदाहरण यासाठी पुरेसे होते. तेथे १८७६ साली उघड्या किनाऱ्यावर लाटरोधकाच्या भिंती समुद्रात काढण्यास सुरुवात झाली. १८८१ च्या वादळाने त्या मोडल्या, पुन्हा बांधल्या. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा निव्वळ ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे आहे. भिंतींनी तो अडवला, त्यामुळे दक्षिणेला वाळू साचत जाऊन आजचा मरीनाचा विस्तीर्ण किनारा रुंदावला आणि उत्तरेला रोयापुरमच्या बाजूची जमीन समुद्राने खाल्ली, तेथे दगडांचे संरक्षण घालावे लागले. बंदराचे पूर्वेकडचे मूळ तोंड गाळाने भरू लागल्याने ते बंद करून ईशान्येकडे नवे तोंड काढावे लागले. लाट, दगड, पातळी हे तिन्ही धडे या एका बंदरात एकत्र येतात आणि चौथा, वाळूचा, त्यांच्यावर मात करतो. टिपणांत चेन्नईचा उल्लेख दीड ओळीचा आहे. ज्या भागातली धरणे गाळाने भरत चालल्याची चर्चा दर उन्हाळ्यात होते आणि जिथला शेतकरी तळ्यातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेतो, त्या भागातल्या मुलांना हा विषय सर्वांत लवकर समजला असता, म्हणून ही कुचराई अधिक खटकते.

छापील टिपणांचा दर्जाही सुधारायला हवा. मजकूर मराठीत, संज्ञा देवनागरीत आणि बरोबर आहेत, भाषा सरळ आहे; पण आकृत्या छायाप्रतीवरून छायाप्रत काढल्यासारख्या पुसट आहेत आणि लाटांच्या विवर्तनाची, म्हणजे अडथळ्याच्या टोकामागे लाट वळून पसरण्याची, आकृती तर उलटी छापलेली आहे. वाढवण बंदरावर मात्र ताजे पान जोडलेले आहे: पालघर जिल्ह्यात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झालेले, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांचा ७४ आणि २६ टक्के वाटा असलेले, सुमारे २० मीटर नैसर्गिक खोलीचे हे बंदर दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक आणि १,४४८ हेक्टर भरावासह उभे राहणार आहे. त्या लाटरोधकाला किती वजनाचे ठोकळे लागतील याचा अंदाज काढा, असा गृहपाठ दिला होता, आणि वर्गातल्या मुलांनी तो आळस न करता केला, कारण नोकरीची शक्यता आता त्या दिशेला दिसते.

केवळ परीक्षेसाठी येणाऱ्याला प्रश्नसंच बाजारात स्वस्तात मिळतात, त्याने सहा हजार रुपये खर्च करू नयेत. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी, धरणांवर काम करणारे शाखा अभियंते आणि पिचिंगची कामे घेणारे कंत्राटदार यांनी मात्र अवश्य यावे. नोंदणी करताना टाकीवरच्या प्रयोगांचे दिवस विचारून घ्यावेत आणि ते चुकवू नयेत. अभ्यासभेटीचा दिवसही आधीच विचारावा. आमच्या तुकडीची भेट रविवारच्या सोयीने ठरली आणि ती नेमकी अष्टमीच्या सुमारास आली, त्यामुळे गेटवेच्या पायऱ्यांवर दुपारपर्यंत थांबूनही पाणी दीड मीटरही उतरले नाही आणि मुलांना साडेतीन मीटरची चढउतार फळ्यावरच राहिली. पुढच्या वेळी अमावास्या किंवा पौर्णिमेला लागून येणारा रविवार धरावा, असे मी लेखी कळवले आहे.